भाचीची पहिली कादंबरी छापायची आहे, अनुभवी मंडळींनी सांगावं (सोलापूर)

पूर्वभागातली (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीला. आमच्या घरात बोलायला तेलुगू आणि शाळा सगळी मराठीतून. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी आहे. दहावीच्या सुट्टीत ती दुपारभर गच्चीवरच्या खोलीत लिहीत बसायची. आम्हाला वाटलं रोजनिशी असेल. दिवाळीत तिने मला चार वह्या आणून दिल्या, दोनशेपानी, काठोकाठ भरलेल्या. म्हणाली, "चिन्नम्मा, आधी तू वाच. नाही आवडली तर अम्माला सांगू नको."

दोन रात्रींत वाचून काढली. चक्क कादंबरी आहे. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहणारी एक मुलगी, तिची अव्वा (आजी) विड्या वळते. ही मुलगी लिहिते, आणि तिचं पहिलं पुस्तक निघायचं असतं. हस्तलिखित कुणीतरी घेतं तिथपासून पुस्तक हातात पडेपर्यंतच्या एका वर्षाची हकिकत. मध्ये मध्ये त्या मुलीने लिहिलेली गोष्टही येते. त्या आतल्या गोष्टीत सोळा वर्षांची एक पोर यमाच्या दारात जाते आणि चित्रगुप्ताची वही मागते. तिचं म्हणणं, बापाचं नाव वहीत चुकून वीस वर्षं आधीच्या पानावर लिहिलं गेलंय, ते दुरुस्त करून द्या. आमच्या पद्मशाली समाजात मार्कंडेय ऋषी म्हणजे कुळपुरुष. त्याचं आयुष्य सोळाच वर्षांचं होतं आणि यम न्यायला आला होता, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा दर वर्षी पुन्हा ऐकतो. पण त्या गोष्टीतून हिने असं काही काढलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आता अडचण. ओळखीतून एका प्रकाशकांकडे वीस पानं गेली. (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.) आठ दिवसांत फोन आला, "छापू या." पासष्ट हजार रुपये आपण भरायचे, तीनशे प्रती. मुखपृष्ठावर तिचा फोटो आणि "सोलापूरची सर्वांत लहान कादंबरीकार" अशी पट्टी. वीस पानं दुरुस्त करून परत पाठवलीत. "अव्वा"च्या जागी सगळीकडे "आजी", "तिन्नावा?"च्या जागी "जेवलीस का?", आणि "छाट"च्या जागी "नापास विड्या".

पोरगी रडली नाही, भांडलीही नाही. वहीत तिने डावीकडे आपलं वाक्य आणि उजवीकडे त्यांचं, अशी वीसही पानं उतरवून काढली आणि मला दाखवली. बहीण बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे. मला तीन गोष्टी कळत नाहीत. पुस्तक असंच काढतात का? करारावर सही कुणी करायची? आणि एवढी घाई करावी का?

फर्मा_सोळा (सोमवार, रात्री ११.०५)

ताई, मी सोलापुरातच बावीस वर्षं अक्षरजुळणी आणि छपाईचं काम करतो. आधी हिशोब मांडू.

चार दोनशेपानी वह्या म्हणजे आठशे पानं. मुलं ओळ सोडून लिहितात, पानाला नव्वद शब्द धरले तर बहात्तर हजार शब्द होतात. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण तीनशे शब्द बसतात, म्हणजे दोनशे चाळीस पानं. सोळा पानांचा एक फर्मा, असे बरोबर पंधरा फर्मे. हा आकडा घेऊन दोन-तीन छापखान्यांत जा आणि कागद, छपाई, बांधणी असे वेगवेगळे भाव लिहून मागा. एकरकमी आकडा कुणी सांगितला तर त्याची फोड मागायची. फोड देत नाहीत तिथे पैसे देऊ नका.

पैसे घेऊन छापणं हा गुन्हा नाही. माझ्याकडेही लोक स्वतःच्या खर्चाने पुस्तकं छापतात, आणि त्यात चांगली पुस्तकंही असतात. पण मग तो आपला छापखाना झाला, प्रकाशक नव्हे. प्रकाशक स्वतःचे पैसे लावतो म्हणून तो नीट वाचतो. ज्याचे पैसे आधीच वसूल झाले, त्याला वीस पानांपुढे वाचायची गरज काय?

चित्रगुप्ताच्या वहीतली चूक दुरुस्त करायला गेलेली मुलगी! माझी सगळी हयात मुद्रितं तपासण्यात गेली. आज रात्री झोप लागणार नाही.

सिद्धेश्वरपेठ (मंगळवार, सकाळी ७.३०)

मी निवृत्त मराठी शिक्षक. मुलीचं मनापासून कौतुक. पण भाषेच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे, आणि ते स्पष्ट मांडतो.

पुस्तक फक्त अशोक चौकातल्या लोकांनी वाचायचं नाही. नागपूरचा, रत्नागिरीचा वाचक "तिन्नावा" वाचून अडखळणार. सोळाव्या वर्षी प्रमाण भाषेवर पकड बसली नाही तर पुढे बसत नाही, हे मी वर्गात तीस वर्षं पाहिलंय. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू वाईटच असेल असं धरून चालू नये. आणि लवकर छापून निघालं तर मुलांना हुरूप येतो. आमच्या शाळेतल्या किती मुलींच्या वह्या लग्नानंतर माळ्यावर गेल्या, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून मी म्हणेन, छापा. परिशिष्टात शब्दार्थ द्या हवं तर, पण छापा.

बार्शीची_पोर (मंगळवार, दुपारी १.१५)

सर, तुमची कळकळ पोचली, पण हुरूप येतोच असं नाही. माझा कवितासंग्रह मी सतरा वर्षांची असताना निघाला. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले. पाचशे प्रतींपैकी तीनशेऐंशी आजही आमच्या दिवाणाखाली आहेत. गाद्या झटकायला दिवाण उघडला की आई आधी माझ्या तोंडाकडे बघते.

पैशाचं दुःख मागे पडलं. राहिलं ते दुसरंच. प्रकाशनाला सहा जण बोलले आणि सहाही जण माझ्या वयाबद्दल बोलले. "एवढ्याशा वयात!" एका कवितेतली एक ओळ कुणी म्हणून दाखवली नाही. घरी येताना मी वडिलांना विचारलं, "त्यांनी वाचलं असेल का हो?" ते काहीच बोलले नाहीत, गाडीवर पुढे बघत राहिले. त्यानंतर नऊ वर्षं मी लिहिलं नाही.

म्हणून ताई, ती पट्टी मुखपृष्ठावर नको. दोन वर्षांनी ती अठराची होईल, मग त्या पट्टीचं काय करणार? पुस्तक तर तेच राहणार.

लहान वयात छापून येऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं ते आजही वाचवत नाही इतकं थेट आहे. आज आपण वाचतो ते तिने काय म्हटलं यासाठी वाचतो, वय नंतर आठवतं. भाचीला विचारा, तिला कुणी काय म्हणून वाचावं असं वाटतं.

वकिली_नोंद (मंगळवार, रात्री ९.४०)

सहीचा प्रश्न आधी. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीला करार करता येत नाही, तिच्या एकटीच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही. त्यामुळे पालक म्हणून आई किंवा वडील सही करतील. पण लेखक म्हणून नाव आणि हक्क भाचीचेच. प्रताधिकार (कॉपीराइट) लिहिल्या क्षणी निर्माण होतो, त्याला वयाची अट नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. म्हणजे आपण या घडीला ज्या कागदाबद्दल बोलतोय तो तिच्या नातवंडांनाही लागू पडेल. दुपारी जेवता जेवता सही करण्याचा हा कागद नव्हे.

प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ नीट वाचा. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. कुठले हक्क दिले आणि मानधन किती, तेही कागदावर यावं लागतं. आणि तुमच्या कामाचं कलम हे: हक्क घेऊन एका वर्षात ते वापरले नाहीत, तर ते आपोआप परत येतात. मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. सगळी मेख त्या "वेगळं काही"त असते. करारात "न छापल्यास", "कायमस्वरूपी", "सर्व भाषा व माध्यमे" हे शब्द शोधा.

भाषेच्या दुरुस्त्यांबद्दल कलम ५७ आहे. हक्क विकले तरी लेखकाच्या मानाला किंवा नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली, तर त्याला दाद मागता येते. पण कोर्टात जायची वेळ येण्यापेक्षा एक ओळ करारातच घाला: "लेखिकेच्या लेखी संमतीशिवाय मजकुरात बदल करणार नाही."

वाचनालयवाला (बुधवार, सकाळी ११.१०)

माझ्या खात्यातल्या दोन गोष्टी सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो. दिल्लीची राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था तो देते, २००७ पासून तो तेरा आकडी असतो. खर्चाच्या फोडीत "आयएसबीएन शुल्क" दिसलं तर ते कशाचं आहे ते विचाराच.

दुसरं, १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते. ते पाठवतात का, विचारा. कुंभारीच्या घरकुलातली अव्वा कोलकात्याच्या कपाटात कायमची जाऊन बसणार, ही काही साधी गोष्ट नाही.

आणि बांगड्या राहू द्या हो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्याच पुस्तकासाठी. नियम मंडळाकडून नीट समजून घेऊन अर्ज करा. तोवर एखादं प्रकरण बालभारतीच्या 'किशोर'सारख्या मासिकाला पाठवून बघायला हरकत नाही. संपादकाच्या हाताखालून एकदा जाणं हेही शिक्षणच आहे.

पूर्वभागातली (बुधवार, रात्री ११.३०)

सगळ्यांचे प्रतिसाद मी काल आणि आज भाचीला वाचून दाखवले. ती ऐकत होती, मध्ये मध्ये वहीत काहीतरी टिपत होती.

वकील ताईंनी सांगितलेले शब्द करारात शोधले. सातव्या कलमात सापडलं: "प्रकाशकाने कोणत्याही कारणास्तव पुस्तक न छापल्यास सदर साहित्याचे सर्व हक्क प्रकाशकाकडेच राहतील." मी दोनदा मोठ्याने वाचलं. भाची म्हणाली, "म्हणजे छाट गेली तरी विडी मालकाचीच."

इथल्या बऱ्याच जणांना छाट म्हणजे काय ते माहीत नसेल. समजावून सांगण्यापेक्षा तिच्या तिसऱ्या प्रकरणातला तुकडा तिला विचारून इथे देते. सर, तुम्ही जरूर वाचा.

"अव्वाच्या मांडीवर सूप असलं की तिला हाक मारायची नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं. पान रात्री भिजवलेलं, पत्र्याच्या मापाने कापलेलं. बोटांत पान, पानात जर्दा, एक वळसा, टोक दुमडलं, दोरा. ओठांत आकडा. ओकटि, रेंडु, मूडु. पंचवीस झाल्या की कट्टा. मी समोर भिंतीला टेकून लिहिते. तिचे चाळीस कट्टे होईस्तोवर माझी चार पानं होतात. संध्याकाळी कारखान्यात चेकर तिच्या विड्या ओतून घेतो, बोटाने सारतो, मूठभर बाजूला करतो. छाट. छाट गेलेल्या विडीचे पैसे नाहीत आणि विडी परतही नाही. येताना अव्वा रस्ताभर बोलत नाही. घरी आल्यावर मला विचारते, तिन्नावा? मी जेवले नसले तरी हो म्हणते. तिच्या हाताला तंबाखूचा वास असतो, मला वाढायचं म्हटलं की तिला परत हात धुवावे लागतील."

फर्मा_सोळा (गुरुवार, सकाळी ६.१५)

माझी आई विड्या वळायची. सूप अजून घरात आहे. यातला एकही शब्द हलवू नका.

सिद्धेश्वरपेठ (गुरुवार, सकाळी ८.५०)

वाचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सौभाग्यवतींना वाचून दाखवलं.

माझं मत बदलतो. "तिन्नावा" कळायला मला परिशिष्ट लागलं नाही, पुढच्याच वाक्यात "जेवले नसले तरी" आहे. "छाट"चा अर्थही तिने वाक्यातच दिलाय. जे मी वर्गात शिकवायला हवं होतं ते ही मुलगी करून बसली आहे. "नापास विड्या" तिथे वाचून पाहिलं, सगळं प्रकरण सरकारी अहवालासारखं वाटायला लागतं.

आपल्या सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींनी आदिवासींच्या तोंडून ऐकलेले झाडांचे, पक्ष्यांचे किती शब्द मराठीत आणले. २००६ साली एकोणऐंशीवं साहित्य संमेलन इथेच सोलापुरात भरलं, तेव्हा तेच अध्यक्ष होते आणि मी मांडवात होतो. ते शब्द ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मग विडी कामगाराच्या घरातला शब्द मला का टोचावा? याचा विचार मी काल रात्रीपासून करतोय.

लवकर छापा, हे मी म्हणालो होतो. तेही मागे घेतो, पण माळ्यावर मात्र जाऊ देऊ नका. शुद्धलेखन तपासायला मी तयार आहे. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघेन, शब्दाला हात लावणार नाही.

बार्शीची_पोर (गुरुवार, दुपारी ३.००)

"परत हात धुवावे लागतील" पाशी थांबले. ऑफिसात आहे, जास्त लिहिता येत नाही.

घराबाहेरचे, ओळख नसलेले तीन वाचक गाठा आणि प्रत्येकाला एकच विचारा, कुठे कंटाळा आला. कौतुक नको म्हणून आधीच सांगा. मला तेव्हा असं कुणी विचारणारं मिळालं असतं तर निम्म्या कविता मीच काढून टाकल्या असत्या. त्या तिघांतली एक मी.

पूर्वभागातली (शुक्रवार, रात्री ९.००)

प्रकाशकांना आज फोन करून नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी ती सतराची होईल, मग ती पट्टी चालणार नाही." बहीण शेजारीच उभी होती, स्पीकर चालू होता. तिनेच मान हलवून मला फोन ठेवायला सांगितलं. बांगड्या हातात आहेत.

भाचीने आता मोबाइलवर स्वतःच टंकायला घेतलंय. पहिली वही निम्मी झाली. टंकताना ती बदल करतेय, दोन अख्खी प्रकरणं काढून टाकली म्हणाली. मी घाबरून विचारलं तर म्हणाली, "चिन्नम्मा, ही माझी छाट आहे, वह्या माझ्याकडेच आहेत ना." परीक्षेपर्यंत रोज एकच तास असं तिच्या आईशी ठरलंय. चुलत्यांना वाटतं हातची संधी घालवली, घरात थोडी धुसफुस आहे. असो.

फर्मावाले दादा, तिचा एक प्रश्न आहे. तेलुगू शब्द छापताना तिरके करायचे असतात का? तिने कुठल्याशा पुस्तकात तसं पाहिलंय.

फर्मा_सोळा (शुक्रवार, रात्री १०.१०)

करायची गरज नाही. सरळच ठेवा, अव्वा आणि आई एकाच टायपात.

दोन सूचना. पहिली, युनिकोडमध्येच टंकू द्या आणि शेवटपर्यंत त्यातच ठेवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर फिरवला की रफार सरकतो, अर्धा र पळून जातो. "आचाऱ्यांना" जेवण सांगायचं ते "आचार्यांना" जातं. मी हे शेकडो पानांवर हाताने दुरुस्त केलंय. मुद्रित आलं की "दुसऱ्या", "वाऱ्या", "कोपऱ्यात" हे शब्द आधी तपासायचे, तिलाही सांगून ठेवा.

दुसरी, मूळ वह्या कुणालाही देऊ नका. मलाही नाही. पानापानाचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा आणि वह्या कपाटात, वाळवी लागणार नाही अशा जागी.

टंकून झालेली पहिली वही रविवारी पाठवा. मी डेमीत सोळा पानं लावून एक फर्मा काढून देतो, माझ्याकडच्या उरलेल्या कागदावर. पैसे नकोत. तिला तिची ओळ छापील पानावर कुठे मोडते ते एकदा बघू दे, मग पुढचं ती ठरवेल.

पूर्वभागातली (शुक्रवार, रात्री १०.२५)

दादा, तिला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारतेय, रविवारी किती वाजता आलं तर चालेल, आणि अव्वाला सोबत आणलं तर चालेल का.